चौकटी कंसातला चेहरा

नागमणी म्याकल यांच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही.

पत्र हरवलं नव्हतं. सदतीस वर्षं ग्रंथपालाचं काम केलेल्या माणसाकडून कागद हरवत नाहीत. तो फार तर ते नको त्या पुस्तकात ठेवतो. हे पत्र आधी शब्दकोशात होतं. शब्दकोश रोज उघडावा लागतो, म्हणून मी ते कीटकांवरच्या एका जाडजूड पुस्तकात हलवलं. ते पुस्तक मी या जन्मी पुन्हा उघडलं नसतं.

पत्र ग्राफ पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं.

‘सर, नमस्कार. मी अंबादास म्याकल यांची मिसेस. तुम्ही काढलेला गड्ड्याच्या यात्रेचा फोटो कॅलेंडरवर आला आहे. वरून अक्षता पडतात त्याच्या खाली उजवीकडून तिसरे उभे आहेत ते आमचे मिस्टर आहेत. ते घरातून जाऊन चार वर्षे झाली. फोटोत त्यांच्या कानावर लाल पेन्सिल आहे म्हणजे ते कुठेतरी अजून डिझाइन काढतात. तुम्ही त्यांना पाहिलं का? काही बोलले का? एवढंच सांगा. उत्तर फोनवर नको. फोन आपल्या मनाने वाक्ये गोड करतो. हाताने लिहा.’

फोनबद्दल त्यांचं खरं होतं. हल्ली कुणाचाही निरोप त्याच्या स्वतःच्या शब्दांत येत नाही. दोन ओळी बोललं की यंत्र त्यांची चार सुबक वाक्यं करून पुढे पाठवतं. पोस्टात आता आठवड्याला एकदाच टपाल निघतं. तरी ज्यांना खरं काही विचारायचं असतं, अशी थोडी माणसं अजून कागदावर लिहितात.

मी उत्तर का दिलं नाही हे सांगायचं तर आधी मी ते सॉफ्टवेअर कसं निवडलं ते सांगावं लागेल.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. माणसांशी बोलायला मी पहिल्यापासून कचरतो. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलं की बोलावं लागत नाही. सोलापुरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळात मी जाऊ लागलो आणि मागच्या खुर्चीवर बसू लागलो. पण सत्तरी ओलांडल्यावर माझे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वयाचा कंप आहे. मला काळजी नव्हती, लाज होती. माझा एकही फोटो धड येईना. मंडळात पडद्यावर माझा फोटो आला की लोक नम्रपणे गप्प बसत.

तेव्हा मंडळाचे अध्यक्ष चन्नवीर हत्तुरे यांनी मला दोन प्रोग्रॅम पंधरा पंधरा दिवस वापरून बघायला सांगितले. एकाचं नाव ‘उजाळा’, दुसऱ्याचं ‘जैसे थे’.

दोघांतला फरक समजायला थोडं शास्त्र लागतं. कॅमेऱ्याच्या आत जी चिप असते तिच्यावर कोट्यवधी बारीक घरं असतात. फोटो काढताना प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतं आणि आकडा लिहून ठेवतं. फोटो म्हणजे त्या आकड्यांची यादी. हात हलला की एका घराचा प्रकाश आजूबाजूच्या वीस-तीस घरांत सांडतो. सांडलेला काही प्रकाश गणितानं परत गोळा करता येतो, सगळा येत नाही. ‘जैसे थे’ हा प्रोग्रॅम जेवढा गोळा होतो तेवढा गोळा करून थांबे. उरलेला भाग तो ओबडधोबड चौकोनांतच ठेवी.

‘उजाळा’ थांबत नसे. जिथं प्रकाश अपुरा तिथं काय असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, हे तो ठरवी आणि ते काढी. असं करणारे प्रोग्रॅम पूर्वीही होते, पण ते जगभरचे सरासरी चेहरे भरत आणि माणसं मेणाची दिसत. ‘उजाळा’वाल्यांनी युक्ती केली. त्यांचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याचाच जुना संग्रह वाचून काढी. माणूस वर्षानुवर्षं त्याच गावात, त्याच लोकांत फोटो काढतो, तेव्हा आजच्या फोटोतला अस्पष्ट माणूस कालच्या फोटोतला ओळखीचा असण्याचा संभव मोठा, असा त्यांचा हिशेब. तो बहुतेक वेळा बरोबर यायचा. भरलेल्या भागावर सुरुवातीला बारीक तिरप्या रेघा दिसत, म्हणजे प्रकाशानं काय दिलं आणि प्रोग्रॅमनं काय घातलं ते कळे. रेघा नको असतील तर त्या बंद करण्याची सोय होती.

मी दोन्ही प्रोग्रॅम घेऊन मंडळाच्या खोलीत तासभर बसलो होतो. हत्तुरे मागून आले.

“सर, काय बघालाव इतकं? सॉफ्टवेअर घ्यायलाव का सोयरीक जमवायलाव?”

“ह्या ‘जैसे थे’मध्ये खोटं काही नाही,” मी म्हणालो.

“खोटं नाही आणि फोटो पण नाही! नाव बघा की. कोर्टाचा स्टे असल्यासारखं. भिकार आलाय तर भिकारच ठेवायचा, मग ते घ्यायचं कशाला?” त्यांनी माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. “आणि त्या रेघा आधी बंद करा. डोळ्यात मोतीबिंदू झाल्यावानी दिसतंय.”

मी ‘उजाळा’ घेतला. रेघा बंद केल्या. हे मी केलं, हत्तुऱ्यांनी नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. पुस्तकांची सूची करणाऱ्या तालिकाकाराचा एक नियम असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव किंवा प्रकाशनाचं वर्ष छापलेलं नसेल आणि आपण ते कागदावरून, टायपावरून, प्रस्तावनेवरून ताडलं असेल, तर कार्डावर ते चौकटी कंसात लिहायचं. [१९३२?] असं. म्हणजे पुढच्याला कळतं की हे पुस्तकानं सांगितलेलं नाही, ग्रंथपालानं घातलेलं आहे. मी हजारो कार्डं लिहिली. कंस विसरला म्हणून कनिष्ठांना रागावलो. शांत स्वभावाचा म्हणून मी ओळखला जायचो, पण कंसाच्या बाबतीत नाही. त्या तिरप्या रेघा म्हणजे चौकटी कंसच होते, हे बंद करताना मला कळलं होतं. कापरा हात लपत होता, म्हणून मी न कळल्यासारखं केलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मी गड्ड्याच्या यात्रेत, अक्षतांचा सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्याजवळ उभा होतो. पांढऱ्या बाराबंद्या घातलेली हजारो माणसं, उंच नंदीध्वज, आणि एका क्षणी सगळ्यांनी हात वर करून उधळलेल्या अक्षता. मी बटण दाबलं. घरी येऊन बघतो तर नुसता पांढरा धुरळा. ‘उजाळा’नं तो चाळीस सेकंदांत साफ केला. हवेत थांबलेला दाणा न् दाणा दिसू लागला, आणि खाली गर्दीत उजवीकडून तिसरा माणूस हसऱ्या चेहऱ्याचा निघाला. अंबादास!

मला इतका आनंद झाला. अंबादास यंत्रमागाच्या कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचे. वाचनालयात येऊन जुनी पुस्तकं बघत. फुलं, फरशा, गालिचे. खिडकीजवळच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरून, कानावर लाल पेन्सिल अडकवून बसत. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी हाताशी एक साधा कॅमेरा होता, त्यानं मी त्यांचे पुष्कळ फोटो काढले होते. ते एकटेच असे होते, जे फोटो काढताना माझ्याकडे बघत नसत.

“सर, मी फूल काढत नाही,” एकदा म्हणाले होते. “कुठल्या घरात धागा वर, कुठल्या घरात खाली, एवढंच लिहितो. फूल बघणाऱ्याच्या डोळ्यात होतं.”

“आणि एखादं घर कळलं नाही तर?”

“रिकामं सोडायचं. माग चालवणारा येऊन विचारतो. अंदाजानं भरलं, की चादरभर तीच चूक. दर वितीला एक.”

तो फोटो जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापला गेला. लोक येऊन माझा हात हातात घेत. कापरा हात. कॅलेंडरच्या वर्षी मार्चमध्ये नागमणीबाईंचं पत्र आलं आणि मला कळलं की ज्या माणसाला मी फोटोत बघून आनंदलो, तो चार वर्षांपूर्वीच घर सोडून गेला आहे. आणि मला हेही आठवलं, की गर्दीत मी त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मूळ फोटो माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डावर होता. ‘जैसे थे’त घालून बघायला दहा मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बक्षीस परत करावं लागलं असतं. मी स्वतःला सांगत राहिलो की कोण जाणे, ते असतीलही. उद्या लिहू. तीन वर्षं उद्या लिहू.

यंदाच्या यात्रेनंतर आठवड्यानं, दुपारी, एक तिशीतली बाई दाराशी आली.

“आराध्येसर ना? मी लावण्या. अंबादास म्याकलांची मुलगी.”

मी बाजूला झालो. ती आत येऊन बसली नाही. पुस्तकांच्या कपाटाला हात टेकून उभी राहिली.

“काका, आई यंदा पण उभी होती. सम्मती कट्ट्याजवळ, तुमच्या फोटोतल्या जागेवर. सकाळी सातला जाते, अंधार पडेपर्यंत. कॅलेंडरचं ते पान लॅमिनेट करून घेतलंय तिनं, येईल त्याला दाखवते. यंदा गर्दीत पडली. लोक अंगावरून गेले. मनगट मोडलंय.”

“अरेरे,” मी म्हणालो.

“मी भिवंडीला असते. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? सात वर्षं झाली काका. एकटी राहते. एका हातानं स्वयंपाक करते. मला फक्त एक ओळ लिहून द्या. तो फोटो मशीननं बनवलाय, ते बाबा नाहीत. तुमच्या सहीनं.”

“ते नाहीत, असं मला खात्रीनं सांगता येणार नाही.”

“मग खात्री करा ना! तीन वर्षं काय करत होता?”

ती कपाटातल्या पुस्तकांकडे बघत हळू आवाजात बोलली.

“तुम्ही उत्तर दिलं नाही, त्याचा आईनं काय अर्थ काढलाय माहितीये? ती म्हणते, सरांना माहीत आहे. त्यांनीच सरांना शपथ घातलीय सांगू नका म्हणून. नसते तर सरांनी लगेच नाही म्हणून कळवलं असतं की. इतका सज्जन माणूस.”

ती गेल्यावर मी दाराची कडी तशीच धरून उभा राहिलो. मला वाटत होतं मी काहीच केलेलं नाही. माझ्या काहीच न करण्यावर ती बाई तीन वर्षं उन्हात उभी होती.

त्याच दिवशी मी जुनं कार्ड काढलं आणि ‘जैसे थे’ उतरवून घेतलं. फोटो उघडला. प्रोग्रॅमनं सांडलेला प्रकाश जमेल तेवढा गोळा केला. उजवीकडून तिसऱ्या माणसाच्या जागी मोठे चौकोन आले. आडवे अकरा, उभे चौदा. एकशे चोपन्न घरं. काही फिकट, काही गडद. खाली ओळ होती: ‘ओळख पटण्याइतका प्रकाश नाही.’

मग ‘उजाळा’त तोच चेहरा निवडून त्याच्या उगमाचं पान पाहिलं. हे पान आहे हे मला पहिल्या पंधरवड्यापासून ठाऊक होतं. तिथं लिहिलं होतं: ‘प्रकाशातून ४ टक्के. आपल्या संग्रहातून ९६ टक्के. आधारभूत छायाचित्रे ४३.’ मी ती त्रेचाळीस उघडली. सगळी खिडकीजवळच्या टेबलाची. गर्दीतल्या त्या माणसाची मान थोडी डावीकडे कललेली होती, उंची साधारण तेवढी होती. प्रोग्रॅमनं माझ्या संग्रहात तशी मान कुणाची ते शोधलं आणि सगळ्यात जास्त वेळा काढलेला चेहरा तिथं ठेवला.

पेन्सिलीसाठी मी ‘जैसे थे’त पुन्हा गेलो. प्रत्येक घरात तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. कानाच्या जागेभोवतीची आठ घरं मी एकेक तपासली. तांबडा मागच्या बाराबंद्यांत होता तेवढाच, कणभरही जास्त नाही. तिथं लाल पेन्सिल नव्हती. ती माझ्या वाचनालयातून आलेली होती.

म्हणजे पेन्सिल खोटी, हे नक्की. पण तो माणूस अंबादास नाही, असंही ती घरं म्हणत नव्हती. ती काहीच म्हणत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेलो आणि हत्तुऱ्यांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच माझं मधे न बोलता ऐकत होते.

“द्या की लिहून ‘नाही’ म्हणून,” शेवटी म्हणाले. “पोरगी सुटेल, ती बाई पण सुटेल.”

“आणि तो जिवंत असेल तर?”

“मग ‘हो’ लिहा.”

“नसेल तर?”

“मग गप बसा की सर, तीन वर्षं बसलाव तसं!”

बोलून गेले आणि ओशाळले. चहाचा कप उगाच फिरवत राहिले.

“इथल्या भिंतीवरचा तो गड्ड्याचा फोटो काढून घ्यायचाय,” मी म्हणालो. “आणि जिल्ह्याच्या लोकांना मी कळवणार आहे.”

“सर, तुमचा एकुलता एक फोटो हो तो.”

“माझा नव्हता.”

“असं बघाल तर ह्या भिंतीवर एक फोटो पण शिल्लक राहायचा नाही.” ते हसले, पण उठून स्टूल आणलं आणि स्वतः चढून फोटो उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. आम्ही दोघंही तिकडे बघायचं टाळत होतो.

मग मी लिहायला बसलो. मला ‘हो’ लिहिता येत नव्हतं, ‘नाही’ लिहिता येत नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा संशय घेत आलो, त्यापायी कुठलाही निर्णय धड घेतला नाही, आणि आता एका बाईला मी देणार काय, तर पुन्हा संशयच. पानं फाडली. एकदा वाटलं, मुलीचं ऐकावं. खोटं बोलून एखादी बाई सावलीत येत असेल तर मी कोण मोठा खऱ्याचा कैवारी? पण त्या बाईंनी मला ‘नक्की सांगा’ असं विचारलंच नव्हतं. पाहिलं का, बोलले का, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

मी ग्राफ पेपर आणला. अकरा बाय चौदा घरं आखली. ‘जैसे थे’तले आकडे बघत शिसपेन्सिलीनं एकेक घर भरलं. फिकट, मध्यम, गडद. हात कापत होता, रेघ शेजारच्या घरात जाई, खोडून पुन्हा भरावं लागे. दोन सकाळी गेल्या. झाल्यावर कागद लांब धरून पाहिला. मला त्यात कुणी दिसलं नाही. पण चाळीस वर्षं डिझाइनवाल्याचा संसार केलेल्या बाईला ग्राफ वाचता येतो, हे मला माहीत होतं. तिला माझ्याहून जास्त दिसेल किंवा कमी दिसेल. ते तिनं ठरवायचं.

मग पत्र लिहिलं.

‘सौ. नागमणीबाई, नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन वर्षं लावली. मला कुणी शपथ घातलेली नव्हती. भित्रेपणा माझा होता.

मी अंबादास यांना गड्ड्यात पाहिलं नाही. ते माझ्याशी बोलले नाहीत. कॅलेंडरवरचा चेहरा प्रोग्रॅमनं माझ्या जुन्या फोटोंवरून काढला आहे. कानावरची लाल पेन्सिल तिथं नव्हती, हे मी तपासलं आहे. कॅमेऱ्यानं खरोखर जेवढं पाहिलं तेवढं सोबतच्या ग्राफवर आहे. तो माणूस ते होते की नव्हते, हे मला माहीत नाही आणि यंत्रालाही माहीत नाही. मी त्या फोटोखाली [अंबादास म्याकल?] असं कंस घालून लिहायला हवं होतं. कंस घातला नाही, ती माझी चूक.

जे मी डोळ्यांनी पाहिलं तेही लिहितो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, ऑगस्टच्या एकोणीस तारखेला ते गालिच्यांचं पुस्तक परत करायला आले होते. नोंदवहीत त्यांची सही आहे. म्हणाले, आता कारखान्यात फुलं मशीनच काढतं, आम्ही नुसतं बघत बसतो. मी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी पुस्तक जमा करून घेतलं. जाताना ते पेन्सिल टेबलावर विसरले, मी हाक मारली, ते परत येऊन घेऊन गेले. तेव्हा हसले होते.

सोबत त्यांचे त्रेचाळीस फोटो पाठवत आहे. माझा हात तेव्हा कापत नसे, तरी काही थोडे हललेले आहेत. त्यांत कुणी काही भरलेलं नाही. त्यातले चेहरे त्यांचेच आहेत.

पुढच्या संक्रांतीला तुम्ही तिथं उभं राहायचं की लावण्याकडे जायचं, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. राहणार असाल तर मी येऊन शेजारी उभा राहीन. जाणार असाल तर घराच्या दारावर माझा पत्ता लावून जा. ते आले तर त्यांना तुमच्यापर्यंत पोचवणं हे काम मी करीन. विश्वनाथ आराध्ये.’

अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. नवं लिहावंसं वाटलं, पण तसंच ठेवलं. यंत्रानं लिहिलेलं नाही, हे त्यावरून तरी कळलं असतं.

बुधवारी सकाळी पोस्टात गेलो. बाहेरची लाल पेटी आता गावात तेवढी एकच उरली आहे. तिच्यावर रंगानं लिहिलंय, टपाल गुरुवारी निघेल. पाकीट जाड झालं होतं, फटीत बसेना. शिपाई म्हणाला, “आजोबा, आत द्या की, मी टाकतो.” मी नको म्हणालो. पाकीट आडवं धरलं, दोन्ही हातांनी दाबलं, आणि सोडलं.

पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज आला.